डोळ्याच्या खोबणीला स्वतःच्याच हाडाचे कलम

आंबे उतरवताना फांदीवरून पडल्यास किंवा मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरून डोळ्याला मार बसल्यास, नजर शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. खोबणीचा तळ काही ठिकाणी कागदासारखा पातळ असतो. तो फुटला की डोळ्याभोवतीची चरबी आणि स्नायू खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातील हवेच्या पोकळीत, उतरतात. मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, गाल व वरचा ओठ बधिर होतो आणि सूज ओसरल्यावर डोळा आत गेलेला दिसतो.

अशा वेळी नाक शिंकरू नये, कारण सायनसमधील हवा खोबणीत शिरते. नजर अंधुक होऊ लागली किंवा डोळा दगडासारखा ताठ झाला, तर क्षणाचाही विलंब नको. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे: त्यांचे लवचीक हाड दारासारखे उघडून पुन्हा मिटते आणि स्नायू चिमटीत सापडतो. डोळा वरून स्वच्छ दिसतो, पण वर पाहता येत नाही, उलट्या होतात, नाडी मंदावते. हे पित्त समजून घरी थांबू नये; सीटी स्कॅन करून एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. प्रौढांमध्ये बहुधा सूज उतरू देऊन, साधारण दोन आठवड्यांच्या आत ती करतात.

पूर्ण भूल देऊन, बहुधा खालच्या पापणीच्या आतून छेद घेऊन, शल्यचिकित्सक खाली उतरलेला भाग वर उचलतात आणि कवटीच्या बाहेरच्या थराचा किंवा कमरेच्या हाडाच्या कडेचा तुकडा तेथे बसवतात. रायवळीच्या खुंटावर हापूसची काडी बांधणाऱ्यास ठाऊक असते की, कलम हलले तर जगत नाही; येथेही तुकडा, विशेषतः मागच्या बाजूस, शाबूत हाडावर पक्का टेकला, तरच त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. शेवटी चिमट्याने डोळा सर्व दिशांना फिरवून काही अडकलेले नाही ना, हे तपासतात.

बसवलेला कमरेच्या हाडाचा तुकडा कालांतराने अधिक झिजतो. कवटीचा कमी झिजतो, पण त्याला बाक देणे कठीण असते. हाडाऐवजी टायटॅनियम धातूची जाळी बसवल्यास हाड काढण्याची दुसरी जखम टळते, म्हणून लहान भगदाडासाठी स्वतःचे हाड काढण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. भगदाड मोठे असेल किंवा आधीची जाळी जंतुसंसर्गाने काढावी लागली असेल, तर मात्र स्वतःच्या हाडाचा विचार डॉक्टरांकडे जरूर मांडावा.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री नजर वारंवार तपासून घ्यावी; तीव्र वेदना झाल्या किंवा दिसणे कमी झाले, तर लगेच सांगावे. दुहेरी दिसणे जायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर होडीवरून धक्क्यावर पाऊल टाकताना अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीविना मासेमारीस जाऊ नये.