ताठरतेच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

सांगलीत मेडिकल चालवताना ही गोळी मागायला आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. काउंटर मोकळा होईपर्यंत तो बाहेर उभा राहतो. लिंगाच्या ताठरतेसाठीची ही गोळी सिल्डेनाफिल असो की टाडालाफिल, डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं बऱ्याच जणांना होतं आणि जातं. मला धास्ती असते ती क्वचित होणाऱ्या त्रासांची. लोक नेमके तेच लपवतात.

ताठरता चार तास उलटले तरी उतरत नाही, तरी घरात बसणं

पलूसकडचा एक तिशीतला पोरगा सकाळी अकराला आला, दुखण्याची गोळी मागू लागला. नीट उभं राहवत नव्हतं. खोदून विचारल्यावर बोलला. रात्री मटणाचं जेवण, त्यावर मित्रानं दिलेली १०० मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल. अर्ध्या तासात काही होईना म्हणून दुसरी. साडेदहापासून ताठरता उतरलीच नव्हती. रात्रभर गार पाणी ओतत बसला, बायकोलाही बोलला नाही. मी शटर ओढलं आणि रिक्षानं त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी सुईनं रक्त काढलं, पण बारा तास होऊन गेले होते. कोंडलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपला की आतली पेशीजालं मरायला लागतात. त्याचं कायमचं नुकसान झालं.

तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल उशिरा लागू होते. २४ तासांत एकच गोळी. घाई करणाऱ्याला मी दुसरी देत नाही, मग तो रागावला तरी चालेल.

डोळ्याला ड्रॉप, कानात कोमट तेल

थोडा वेळ सगळं निळसर दिसलं तर ते बहुधा आपोआप जातं. पण एका डोळ्याची नजर अचानक गेली किंवा एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ड्रॉप मागू नका, मी देणार नाही.

छातीत दुखलं म्हणून वडिलांची हृदयविकाराची सॉर्बिट्रेट जिभेखाली

हे कधीच नको. दोन्ही औषधांनी मिळून रक्तदाब धाडकन पडतो, जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. सॉर्बिट्रेट रोज चालू असेल त्यानं ही गोळी मागूच नये.

प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

मी प्रत्येक पाकिटावर पेनानं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहितो, घेतल्याची वेळ तुम्ही लिहा. कॅज्युअल्टीत तोंडातून शब्द फुटला नाही, तर ते पाकीट पुढं करा.