हेडसेट घ्यायचाय? आधी बंद करून डोळ्याला लावून बघा

भाच्याला डोळ्याला लावायचा व्हीआर हेडसेट पायजे होता म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीत एका दुकानात गेलो, तिथला पोरगा म्हणतोय सर ह्यात व्हीआर पण आहे, एआर पण आहे, एमआर पण आहे, आणि खोकं उघडून बघतोय तर आत मोबाईल खुपसायचा प्लास्टिकचा डबा, पुढं दोन भिंगं, बास. नाद खुळा! व्हीआर म्हणजे सगळी खोटी दुनिया, एआर म्हणजे खऱ्या दुनियेवर चिकटवलेलं चित्र, एमआर म्हणजे खऱ्या खोलीत मिसळून गेलेलं चित्र. तेव्हापासून जो विचारतोय त्याला सांगतोय, खोक्यावरचं वाचूच नका, ही नावं कंपन्यांनी पार वाटेल तशी वापरलीत. २०१७ ला विंडोज मिक्स्ड रिॲलिटी म्हणून जे हेडसेट आले ते खरं तर सरळ सरळ व्हीआर होते.

तर पहिली टेस्ट. हेडसेट बंद असतानाच डोळ्याला लावा.

पूर्ण अंधार दिसला तर आत स्क्रीन आहे, म्हणजे चालू केल्यावर जे काय दिसेल ते सगळं स्क्रीनवरचं. मग चालू करा आणि समोर काय येतंय बघा. दुकान गायब होऊन भलतीच दुनिया आली तर ते व्हीआर. आणि पुढच्या कॅमेऱ्यातून दुकानच स्क्रीनवर दिसायला लागलं तर त्याला पासथ्रू म्हणतात, मेटाचा क्वेस्ट ३, ॲपल व्हिजन प्रो हे त्यातले. बंद असताना पण काचेतून समोरचा माणूस थोडा काळपट का होईना दिसतोय, तर तो पारदर्शक काचेचा प्रकार, मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स, एक्सरियलचे चष्मे वगैरे.

आता एआर आणि एमआर मधला फरक, इथं सगळे गंडतात. हेडसेटमधला खोटा चेंडू टेबलावर टाका. टेबलावर टप्पा पडला, घरंगळत जमिनीवर आला आणि टेबलाखाली गेल्यावर दिसेनासा झाला, तर हेडसेटला खोली समजलीय, हे एमआर. चेंडू टेबलाच्या आरपार हवेत तसाच तरंगत राहिला तर नुसतं वर चिकटवलेलं एआर. हलक्या चष्म्यांतले बरेच तर तेवढं पण करत नाहीत, डोळ्यासमोर मोठा टीव्ही टांगून देतात, पिक्चर बघायला झकास आहे पण एआर म्हणून पैसे मोजू नका.

पासथ्रू चांगला का वाईट हे कळायला माझा उपाय म्हणजे हेडसेट घालून पेपर वाचायचा. पुढारीची हेडलाईन सगळ्यातच दिसतीय, आतली बारीक बातमी वाचता येती का ते बघा, हात हलवल्यावर हाताच्या कडेचं चित्र वाकडं होतंय का ते पण बघा.

मग वाका. चित्रातल्या वस्तूकडं वाकलं की ती जवळ यायला पायजे. तुमच्याबरोबर तीपण पुढं सरकली तर तो हेडसेट फक्त मान वळवलेली ओळखतोय, मोबाईलचे डबे सगळे असलेच. डोळा म्हणतोय हललो नाही आणि कान म्हणतोय हललो, कारण तोल सांभाळायचं यंत्र कानात असतंय, मग डोकं गरगरतंय. मी मिसळ हाणून गेलो होतो, पुढचं सांगत नाही.

लेन्सकडं दुर्लक्ष करू नका. क्वेस्ट ३ (२०२३) ला पॅनकेक लेन्स आहे, कडेपर्यंत चित्र साफ, क्वेस्ट ३एस (२०२४) ला जुनी फ्रेस्नेल, म्हणजे गोल गोल चऱ्यांची, मधोमध बघितलं तरच चांगलं. अमेरिकेत निघाले तेव्हा एक ४९९ डॉलरला आणि दुसरा २९९ ला, इथं येईपर्यंत आकडा वाढतोयच, आणि वॉरंटी भारतात चालणार का हे बिलावर लिहून घ्या. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून घ्या, लेन्स तेवढ्याच अंतरावर यायला पायजेत, पीडी म्हटलं की त्यांना कळतंय. ३एस ला लेन्स सरकवायला ५८, ६३, ६८ मिलिमीटर असे तीनच खटके आहेत, ३ ला चाक आहे, पायजे तसं फिरवा.

माझ्या एका दोस्ताची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, तो म्हणाला नवीन पोरांना हेडसेट लावून कामावरच शिकवतो. मी म्हटलं भावा, ऑफिसात बसवून शिकव, व्हीआर एक नंबर, पण भट्टीजवळ पासथ्रू घालून कुणाला पाठवू नको. चार्जिंग संपलं की स्क्रीन काळी आणि समोर वितळलेलं लोखंड! पारदर्शक काचेत बॅटरी गेली तरी समोरचं दिसतंय. पण तिथं पण अडचण आहेच, होलोलेन्स २ ला चित्र साधारण ५२ अंशांच्या चौकटीतच दिसतंय, किंमत ३५०० डॉलर होती आणि २०२४ ला उत्पादनच बंद केलं, त्यामुळं जुना स्वस्तात मिळाला तरी पुढं रिपेअरचं काय ते बघा. शिवाय असल्या काचेत काळा रंग दाखवताच येत नाही, ती फक्त उजेड वाढवू शकती, दुपारी रंकाळ्यावर घालून उभं राहिलात तर चित्र जवळपास पुसूनच जातंय.

घेतल्यावर उन्हात ठेवू नका, लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करून आतली स्क्रीन जाळती. खोलीत दोन बाय दोन मीटर जागा रिकामी करा, मोठा आरसा असेल तर चादर टाका, कॅमेरे फसतात. आणि जुन्या घरात राहत असाल, छत बुटकं असेल, तर गेम सुरू करायच्या आधी पंखा बंद करा, हात वर गेला की पात्यालाच लागतोय.