पीक सरकतंय? आधी बफरचा पीएच बघा

एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक द्रवाच्या दाबाने कॉलममधून ढकलून वेगळे करणारं यंत्र) तेच पीक, म्हणजे आलेखावरचं घटकाचं शिखर, सकाळी साडेपाच मिनिटांना आणि दुपारी पाच मिनिटांना येत असेल, तर लगेच कॉलमला, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीला, शिव्या घालू नका. भोसरीतल्या एका लॅबमध्ये मी तेच करून नवा कोरा कॉलम लावला होता. पीक सरकतच राहिलं.

सी-१८ कॉलममध्ये सिलिकाच्या कणांवर १८ कार्बनच्या तेलकट साखळ्या जोडलेल्या असतात. पाण्याशी सख्य असलेला रेणू मोबाइल फेजबरोबर (कॉलममधून वाहणारं पाणी-द्रावकाचं मिश्रण) पुढे निघून जातो, पाण्याचं वावडं असलेला त्या साखळ्यांपाशी रेंगाळतो. अ‍ॅसिटोनायट्राइल (मोबाइल फेजमधलं सेंद्रिय द्रावक) वाढवलं की तोही लवकर सुटतो. इथवर सोपं आहे.

घोळ होतो तो आम्ल-अल्कलींचा. बेंझोइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित होतात तो आकडा) साधारण ४.२. बफरही (मोबाइल फेजचा पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ४.२ चाच ठेवलात तर निम्मे रेणू भारित, निम्मे तटस्थ; भारित पाण्याबरोबर पळतात, तटस्थ साखळ्यांपाशी रेंगाळतात. पीएच जरासा हलला की रिटेन्शन टाइम (पीक येण्याची वेळ) हललाच. तोच बफर २.५ वर आणा: जवळजवळ सगळे रेणू तटस्थ, कॉलममधला मुक्काम वाढतो आणि वेळही पक्की होते. म्हणून पीकेएपासून दीड-दोन एकक लांब राहा. मात्र साध्या सिलिका कॉलमला २ च्या खाली किंवा ८ च्या वर नेऊ नका.

पीएच मोजायचा तो नुसत्या बफरचा, अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळण्याआधी. आणि संध्याकाळी कंपनीची बस पकडायच्या घाईत फॉस्फेट बफरवर थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडू नका, आत क्षार बसतात. आधी ९० टक्के पाणी, १० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने अर्धा तास धुवा.