बाळ रडलं नाही तर: आधी फुप्फुसं, मग छाती

गर्भात फुप्फुसं द्रवाने भरलेली आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. बहुतेक रक्त त्यांना वळसा घालून जातं. हवा आत शिरली की त्या सैल होतात, रक्त फुप्फुसांतून हृदयाच्या डाव्या बाजूला परततं आणि ठोके वाढतात. म्हणून आधी हवा.

पुण्यात डिसेंबरच्या पहाटे प्रसूतिकक्ष गारठतो. एसी-पंखे बंद, खोली 25 अंशांवर. बाळ पुसा, ओला कपडा काढा, मान किंचित मागे. तरी श्वास नसेल किंवा हृदयाचे ठोके मिनिटाला 100च्या खाली असतील, तर जन्मापासून 60 सेकंदांच्या आत बॅग-मास्क (तोंड-नाकावर मास्क बसवून पिशवी दाबून हवा देणं) सुरू करा: मिनिटाला 40–60 श्वास, दाब 20–25 सेंमी पाणी. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते.

छाती हलत नाही? बहुतेकदा मास्क गळत असतो किंवा मान फार मागे गेलेली असते. मास्क पुन्हा बसवा, तोंड-नाक साफ करा, तोंड किंचित उघडा, मगच दाब वाढवा. इथे घाई नडते. छाती नीट हलत असताना 30 सेकंद श्वास देऊनही ठोके 60च्या खाली असतील तरच, शक्यतो श्वासनलिकेत नळी घालून, छाती दाबा: तीन दाब, एक श्वास, ऑक्सिजन 100 टक्के.

ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) उजव्याच हाताला. जन्मानंतर पाचव्या मिनिटाला त्यावर 80–85 टक्के पुरेसे.