कार्बन नॅनोट्यूबचा रेझिस्टन्स बदलला? आधी ओल तपासा: या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टात दर पावसाळ्यात हे वाक्य ऐकू येतं: "सर, अ‍ॅसिड दिल्यावर रेझिस्टन्स वाढला, म्हणजे कार्बॉक्सिल गट बसले." ट्यूबच्या भिंतीवर हे (-COOH) गट बसले असतीलही. पण जुलैतल्या रत्नागिरीत काचपट्टी टेबलावर नुसती ठेवली तरी ओल धरते, आणि त्या ओलीनेही तिच्यावरच्या नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) थराचा रेझिस्टन्स हलतो. त्यामुळे अ‍ॅसिड न दिलेला थर जोडीला न ठेवणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. दोन्ही थर एकाच दिवशी करा, शेजारी ठेवून मोजा, आर्द्रता वहीत लिहा.

सगळ्यात जास्त नमुने अ‍ॅसिडात वाया जातात. तीन भाग सल्फ्युरिक, एक भाग नायट्रिक हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. पण हे मिश्रण दोन उलट कामं करतं. ट्यूबच्या भिंतीतले बंध तोडून तिथे गट बसवतं, इलेक्ट्रॉनची वाट अडते, रेझिस्टन्स वाढतो. दुसरीकडे, चिकटून राहिलेलं नायट्रिक ट्यूबमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतं, होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्याही वीज वाहतात) वाढतात आणि रेझिस्टन्स उतरतो. धुणं अर्धवट राहिलं तर पहिल्या दिवशी छान उतरलेला आकडा अ‍ॅसिड उडत जाईल तसा पुन्हा चढतो. गाळून येणारं पाणी उदासीन होईपर्यंत डिआयनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्याने धुवा. लवकर वाळावं म्हणून अ‍ॅसिटोन कधीही ओतू नका; नायट्रिकशी गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.

भिंत किती मोडली हे मल्टिमीटर सांगत नाही. त्यासाठी रामन स्पेक्ट्रम (लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासून काढलेला आलेख) हवा: १३५० cm⁻¹ च्या आसपासची, मोडतोड दाखवणारी डी पट्टी १५८० ते १५९० cm⁻¹ जवळच्या, शाबूत भिंतीच्या जी पट्टीच्या तुलनेत किती वाढली ते बघा. नमुना मुंबईला पाठवावा लागला तरी पाठवा.

ट्यूब द्रवात सुट्या करणारा सोनिकेटर (ध्वनिलहरींचं यंत्र) तासन्‌तास चालवला की ट्यूब तुटून आखूड होतात, थरातले ट्यूब-ट्यूबमधले सांधे वाढतात आणि रेझिस्टन्सही. ट्यूब पाण्यात विखुरायला घातलेलं एसडीएस (साबणासारखं रसायन) नीट धुतलं नाही तर ते त्याच सांध्यांत बसून वीज अडवतं.

खाऱ्या हवेत तांब्याच्या क्लिपा हिरव्या पडतात. त्या घासा, आणि शक्य तिथे चार टोकांनी मोजा (दोन टोकांतून प्रवाह, दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज), म्हणजे क्लिपांचा रेझिस्टन्स आकड्यात येत नाही.

तरीही शंका उरली तर थर व्हॅक्यूममध्ये १०० अंशांपर्यंत तापवून, तिथेच थंड करून मोजा. आकडा मागे आला तर तो बदल बहुतेक ओलीचा होता. फार तापवू नका, बसवलेले गटही निघून जातील.