जुनी पायवाट नकाशात शोधायची तर

दोन प्राचीन वसाहतींमध्ये माणसं कुठून ये-जा करत असतील? हे शोधायला आधी उंचीचा नकाशा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशातून रडारने मोजलेला एसआरटीएमचा डेटा फुकट मिळतो. त्यातला एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पहिल्यांदा यूटीएम प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या मांडणीत, बदला. मी एकदा विसरले. अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली, आणि सगळ्या टेकड्यांचे उभे कडे झाले!

मग धरणं तपासा. रडारला धरणाचं पाणी दिसतं, आणि पाणी म्हणजे बिनचढाचं मैदान. माझी पहिली ‘प्राचीन’ वाट थेट जलाशयावरून गेली होती. बुडालेलं खोरं परत मिळवायला धरणाआधीच्या कागदी नकाशावरच्या समोच्च रेषा हाताने गिरवाव्या लागल्या. कंटाळवाणं काम, पण टाळू नका.

वाटेसाठी ग्रास या नकाशा-सॉफ्टवेअरमधलं आर.वॉक हे चालण्याचा वेळ मोजणारं साधन वापरा. चढण आणि उतरण ते वेगवेगळी मोजतं, म्हणून जायची आणि यायची वाट दोन्ही काढा. सपाटीवर ते ताशी ५ किलोमीटर धरतं. डोक्यावर ओझं असलेला माणूस असा चालेल का? वेग बदलून पुन्हा चालवा.

सापडलेल्या खापरांच्या जागा मात्र वाट काढताना वापरायच्या नाहीत. त्या पडताळणीसाठी राखून ठेवा. वाटेच्या २०० मीटरांत किती खापरं येतात ते मोजा. मग तेवढेच बिंदू यदृच्छेने टाकून तीच मोजणी करा, पण फक्त जिथे प्रत्यक्ष पाहणी झाली त्याच भागात. नाहीतर आपण जिथे फिरलो तिथेच खापरं ‘सापडतात’.

इथवर जमलं की नेटलोगो, म्हणजे माणसांचं वागणं नियम देऊन संगणकात चालवून बघायचं सॉफ्टवेअर. एका वेळी एकच आकडा बदला आणि प्रत्येक बदलाला शंभरेक वेळा चालवा. सरावाला ॲरिझोनातल्या लाँग हाऊस व्हॅलीचं प्रसिद्ध मॉडेल घ्या. त्याची नेटलोगो आवृत्ती आहे. इ.स. ८०० ते १३५० मधली कुटुंबं त्यात मका पिकवतात, शेत पुरेनासं झालं की जागा बदलतात. लोकसंख्येचा चढउतार उत्खननाशी बराच जुळतो. फक्त १३०० च्या सुमारास खरी दरी रिकामी झाली, संगणकातली काही कुटुंबं तिथेच राहिली. म्हणजे थोड्या लोकांना पुरेल एवढा मका अजून पिकत होता, तरी सगळेच गेले. मला त्या मॉडेलमधली हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते.