१९८० च्या दशकातली बेसबॉल कार्डं जमवायचीत? मग आधी हे वाचा

पहिली गोष्ट, जुनं म्हणजे महाग असं अजिबात नसतं. १९८६ नंतर कंपन्यांनी कार्डं इतकी बेसुमार छापली की टॉप्स कंपनीची १९८७ ची ती लाकडासारख्या दिसणाऱ्या बॉर्डरची कार्डं आजही ढिगाने मिळतात, त्यामुळे अख्खे बॉक्स घेत बसू नका, ठरावीक रूकी कार्डांच्याच, म्हणजे खेळाडूच्या अगदी सुरुवातीच्या कार्डांच्याच, मागे लागा. १९८० चं टॉप्स रिकी हेंडरसन, १९८४ चं डॉनरस डॉन मॅटिंगली, १९८९ चं अपर डेक केन ग्रिफी ज्युनियर, ही तर हवीतच (डॉनरस आणि अपर डेक याही कार्ड कंपन्याच, पुढचं नाव खेळाडूचं). कॅल रिपकेनचं १९८२ चं टॉप्स घेताना नीट बघा हं, साध्या सेटमध्ये तो आणखी दोघांसोबत आहे, एकट्याचं कार्ड ट्रेडेड सेटमधलं, म्हणजे त्याच वर्षी नंतर काढलेल्या पुरवणी सेटमधलं, नंबर ९८टी, आणि खरी किंमत त्यालाच.

आता कंडिशन, सगळा खेळ इथेच आहे. कार्ड लाइटखाली तिरकं धरा, भिंगाने चारही कोपरे बघा, टोकाला जरा जरी पांढरं फुसफुशीत दिसलं की ग्रेड, म्हणजे कंडिशनचा दर्जा, घसरली. चारही बाजूंची बॉर्डर सारखी आहे का तेही बघा, हेंडरसनचं कार्ड बरोबर मधोमध छापलेलं मिळणं खरंच अवघड, मिळालं तर सोडू नका. मागच्या बाजूला पॅकमध्येच येणाऱ्या च्युइंगमचा किंवा पॅकच्या मेणकागदाच्या मेणाचा डाग असतो, तोही तपासा.

महागडं कार्ड शक्यतो पीएसए ग्रेडेडच, म्हणजे पीएसए या कार्ड तपासणाऱ्या कंपनीने ग्रेड दिलेलंच घ्या, आणि सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा. सुटं कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. रबरबँड कधीच लावू नका प्लीज, कडा कायमच्या दबतात.